डाव्या पायातलं तेल

माझी परात ह्यांनी पहिल्यांदा व्हरांड्यात नेली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. माहेरची पितळी परात, कणीक मळायची, आणि हा माणूस तिच्यात काळं तेल ओतून बसलेला. जवाहरनगरचं आमचं क्वार्टर, रविवारची सकाळ, शेजारणी नळावर उभ्या, आणि मी ओरडतेय, "कणीक काय आता तुमच्या डोक्यावर मळू जी?" ह्यांनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, "दुसरी आणून देतो. हिचा काठ उंच आहे, बेअरिंगचे छर्रे बाहेर पळत नाहीत."

दुसरी परात काही आली नाही. शेवटी मीच जर्मनची एक घेऊन आले आणि पितळी परात गाडीची झाली.

माझा नवरा फॅक्टरीत फिटर होता. कामावर फॅक्टरीच्या बसने जायचं, बसनेच यायचं, मग घरी मोटारसायकल कशाला हवी होती देव जाणे. पण सत्तरचं दशक अर्धं सरलं असेल नसेल, कोणाकडून तरी एक जुनी गाडी ह्यांनी घेतली आणि त्या दिवसापासून माझा रविवार गेला. गाडी फिरवण्याची हौस फार नव्हती, हौस होती ती खोलण्याची. त्यातही पुढच्या शॉकपची. पुढच्या चाकाला दोन्ही अंगांनी धरून ठेवणाऱ्या दोन नळ्या असतात ना, आत स्प्रिंग आणि तेल भरलेलं, खड्डा आला की दबतात आणि पुन्हा वर येतात, त्यांना मिस्त्री लोक शॉकप म्हणतात. हे त्यांना पाय म्हणायचे. उजवा पाय, डावा पाय. "आज डावा पाय गळून राहिला," असं सकाळच्या चहाला ऐकलं की मी समजून जायचे, आज जेवणाचं काही खरं नाही.

एकदा एका मिस्त्रीकडे गाडी दिली होती, तर त्या बाबाने नळी अडकली म्हणून तिच्यावर हातोडा चालवला. चकचकीत नळीवर एक ओरखडा आला. एवढासा, मला तर दाखवल्याशिवाय दिसलाही नाही. पण हे त्याच्यावरून नख फिरवत बसायचे, जखमेवरची खपली चाचपावी तसं. त्यानंतर ह्यांनी ठरवून टाकलं, आपल्या गाडीला मिस्त्रीचा हात लागणार नाही म्हणजे नाही. शांत माणूस, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

मग मला सगळं पाठ झालं. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा सरकवायचा, चाक काढायचं, मडगार्ड काढायचं, वरचे नट ढिले करून एकेक पाय खाली ओढून घ्यायचा. तो परातीत उलटा धरला की शेणाच्या पाण्यासारखं तेल गळायचं. स्प्रिंगा रॉकेलमध्ये धुवायच्या, माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी पुसायच्या. मग सील. सील म्हणजे रबराची कडी, तिला आतून एक बारीक ओठ असतो. तो ओठ तेलाच्या बाजूला राहिला पाहिजे, उलटा बसला की तेल बाहेर. सील नागपूरहून आणावं लागायचं, आणि आणलं की हे ते देवाच्या फोटोमागे ठेवायचे, हरवू नये म्हणून. बसवताना नळीचा एक तुकडा वरून ठेवून हळूहळू ठोकायचे आणि प्रत्येक ठोक्यानंतर थांबून बघायचे. शेवटी तेल भरायचं, ते आमच्या पोरीच्या दुधाच्या बाटलीने, कारण तिच्यावर मापाच्या रेघा होत्या. "दोन्ही पायांत सारखं पाहिजे. एकात कमी, एकात जास्त झालं तं गाडी लंगडते," असं सांगायचे. मी म्हणायचे, "माझ्या बाळंतपणात तं एवढी काळजी नव्हती जी केली." तेव्हा मात्र हसायचे.

सगळं झालं की गाडीसमोर उभं राहून हँडल धरायचे, ब्रेक दाबायचा आणि अंगाचा भार देऊन गाडी खाली दाबायचे. दाबली की बसली पाहिजे, सोडली की उठली पाहिजे. तेवढंच पाहायचे, पण चार चार वेळा पाहायचे.

ह्यांचा धाकटा भाऊ गावी शेती करायचा. लाखनीहून आत वळून दिघोरीच्या अंगाला आमचं गाव. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, सासूबाई धाकट्याजवळ. भाऊजी म्हणजे बोलणं, हसणं, खोड्या काढणं. घरात आले की घर भरायचं. माझा नवरा दिवसभरात जेवढे शब्द बोलायचा तेवढे हे चपला काढता काढता बोलून मोकळे. एका उन्हाळ्यात आले आणि व्हरांड्यात झाकून ठेवलेली गाडी पाहून म्हणाले, "दादा, तुही गाडी लोणच्यावानी मुरून राहिली इथं. मले देऊन दे. लाखनीले सायकलनं जा-ये कराले जीव जाते."

मला वाटलं, देणार नाहीत. पण धाकट्यावर ह्यांचा जीव होता. त्याला वाढवलंच होतं ह्यांनी, बाप गेल्यावर. "ने," म्हणाले. "पण दोन दिवस थांब."

त्या दोन दिवसांत दोन्ही पाय खोलले. नवीन सील घातली, नवीन तेल भरलं. मी समोरच बसले होते, गहू निवडत. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याच दोन दिवसांवर आमचं सगळं आयुष्य येऊन अडलं.

निघताना भाऊजींना बजावलं, "मिस्त्रीले हात नको लावू देजो. काही झालं तं गाडी इकडे घेऊन येजो, नाही तं निरोप देजो, मी येतो. पण दुसऱ्या कोणाकडं न्यायची नाही. आईची शपथ घे." भाऊजींनी गळ्याला हात लावून शपथ घेतली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "वहिनी, हा तुमच्याबद्दल असा बोलते का कधी?"

"माझ्यात तेल नाही न भरावं लागत, भाऊजी," मी म्हटलं.

गाडी रस्त्याच्या वळणापर्यंत दिसत होती. हे चाकाकडे बघत उभे होते.

पाऊस लागला, धानाची रोवणी झाली, दिवाळी झाली. दिवाळीत आम्ही गावी गेलो तेव्हा भाऊजी सासूबाईंना गाडीवर बसवून देवळात घेऊन गेले होते, आणि सासूबाई पदर दातात धरून, डोळे गच्च मिटून बसल्या होत्या. आम्ही हसून हसून बेजार. गाडी कशी आहे, असं ह्यांनी विचारलं तर भाऊजी म्हणाले, "एकदम फस्ट." हे तिला दाबून पाहायला गेले, तर म्हणाले, "जाऊ दे न दादा, सणासुदीचे तरी हात काळे नको करू." आणि हात धरून जेवायला घेऊन गेले.

पौषात गेले भाऊजी. धानाची चुरणी झाली होती, पोती कमी पडली म्हणून लाखनीला बारदाना आणायला निघाले होते. हमरस्त्यावर ट्रकांनी पाडलेले खड्डे तर सगळ्यांच्या ओळखीचे. चहाच्या टपरीवरच्या माणसाने पाहिलं. तो नंतर घरी आला होता, बिचारा स्वतःच रडत होता. म्हणाला, "चाक खड्ड्यात गेलं जी, अन् वरतं आलंच नाही. हँडल असं एका अंगाले वळलं, अन् पोरगा समोर फेकल्या गेला." समोर रस्त्याखालच्या मोरीचा दगड होता. गाडीला काहीसुद्धा झालं नाही. थोडा रंग खरचटला.

ह्यांना फॅक्टरीत निरोप मिळाला. भर दुपारी पायी चालत घरी आले, दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, "चाक वर नाही आलं म्हणते." आधी हे सांगितलं. भाऊ गेला हे मग सांगितलं.

गावी घर माणसांनी भरलं होतं. सासूबाई कोपऱ्यात बसून होत्या, रडून रडून आवाज गेलेला. हे त्यांच्यासमोर जाऊन बसले, पाया पडायला वाकले, तेव्हा त्यांनी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळ्या आयाबायांच्या देखत विचारलं, "तूनंच खोलली होती ना रे ते गाडी?"

हे म्हणाले, "हो माय."

त्यानंतर सासूबाई ह्यांच्याशी बोलल्या नाहीत. तेरवी झाली, आम्ही परत आलो, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा गेलो, पुन्हा गेलो, पण नाही. ह्यांना काही सांगायचं असलं तर माझ्याकडे बघून, "त्याले सांग, धुऱ्यावरचं झाड पडलं." ह्यांनी पाण्याचा पेला पुढे केला की तो खाली ठेवायला लावायच्या आणि तसाच राहू द्यायच्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भांडू शकले असते. गप्प माणसाशी भांडायचं कसं? मला सासूबाईंचा राग येई आणि लगेच लाजही वाटे, कारण ज्या बाईचा हाताशी आलेला मुलगा गेला तिच्यावर रागवायचं कोणत्या तोंडाने?

आणि हे. ह्यांचं तर सांगायचीच सोय नाही. व्हरांड्यात बसायचे आणि रिकामे हात हलवायचे. डाव्या हातात नळी धरल्यासारखं, उजव्या हाताने सील बसवल्यासारखं. मग थांबायचे आणि विचारायचे, "सील उलटं तं नाही बसलं माझ्या हातानं?"

"नाही. मी समोर बसली होती."

"तुले काय समजते सीलचं?"

"एका पायात तेल कमी तं नाही पडलं?"

"नाही हो. बाटली मीच धरली होती."

"वरचा नट राहून तं नाही गेला?"

रोज हेच. जेवण कमी झालं, गालाची हाडं वर आली. फॅक्टरीत एकच काम पुन्हा पुन्हा तपासत बसतात, असं बरोबरीचे लोक मला येऊन सांगून गेले. संध्याकाळी फिरायला म्हणून तलावाकडे जायचे आणि मी दारात उभी राहून अंधार पडण्याआधी येतात की नाही हे बघत बसायचे. एक दिवस हा माणूस जाईल आणि परत येणार नाही, अशी भीती माझ्या पोटात बसली होती. मी कोणाला बोलून दाखवली नाही, पण होती.

गाडी गावीच होती. कोठ्यात, बैलांच्या मागे, धानाच्या तणसाखाली दाबून ठेवलेली. आमच्याकडे रीत अशी, की जीव घेतलेली वस्तू वर्षश्राद्धाच्या आत घराबाहेर गेली पाहिजे. नाही तर ती घरातल्या आणखी कोणाला ओढून नेते, असं म्हणतात. वर्ष भरत आलं तसे गावकरी सासूबाईंच्या मागे लागले आणि लाखनीचा एक माणूस पार्ट काढून घ्यायला म्हणून गाडी न्यायला तयार झाला. श्राद्धाच्या आदल्या दिवशी येणार होता. आम्ही श्राद्धाच्या दोन दिवस आधी पोचलो.

मी ह्यांना कोठ्याच्या दारात गाठलं. म्हटलं, "उघडून पाहा."

"काय?"

"गाडी. पाय खोलून पाहा. उद्या तो माणूस घेऊन गेला की संपलं. मग जन्मभर विचारत बसाल, सील उलटं तं नाही बसलं. मले नाही जमत आता ते ऐकाले. असलं उलटं तं असू द्या, निदान समजंन तरी."

इतके घाबरलेले मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं, मर्तिकालाही नाही. मग आत गेले आणि तणस बाजूला करायला लागले.

गाडी अंगणात आणली. हत्यारांची पिशवी मी बांधूनच आणली होती, रॉकेलचा डबाही. सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून एकदा पाहिलं आणि आत वळल्या. मी घमेलं घेऊन बाजूला बसले, जे हातात देतील ते धरायला.

चाक निघालं. आधी उजवा पाय खोलला. पाना दोनदा हातातून सुटला. पाय सरळ बाहेर आला, घमेल्यात उलटा केला, तेल गळलं. स्वच्छ. ह्यांनी सील काढलं, उन्हात धरलं, ओठावरून बोट फिरवलं. मला दाखवलं. "सुलटं आहे," म्हणाले. मग जमिनीवरच बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मीही रडले. म्हटलं, झालं एकदाचं, देवा.

पण डावा पाय राहिला होता.

डाव्या पायाच्या वरच्या नटाला हात लावला आणि हे थांबले. नटाच्या कोपऱ्यांवर पकडीचे दात उमटले होते. ह्यांच्याकडे मापाचा पाना होता, नटाला पकड लावणाऱ्याला हे माणसात धरत नसत. "हे माझं काम नोहे," म्हणाले. नट काढला. पाय ओढला तर येईना. खालची नळी वरच्या नळीला चिकटून बसलेली. मी चुलीवरून कढत पाणी आणलं, वरून ओतलं, पुन्हा ओढलं, पुन्हा ओतलं. शेवटी पाय करकरत सुटला आणि आतून जे निघालं ते तेल नव्हतं. पिवळसर लाल, तार धरणारा चिकटा, डिंकासारखा. स्प्रिंगेच्या वेढ्यावेढ्यांत अडकलेला. सील इथेही सुलटंच बसलेलं होतं, फक्त त्याचा ओठ चिखलाच्या कणांनी झिजलेला.

आणि वास आला. तो वास मला ओळखायला क्षणही लागला नाही. आमच्या भागातल्या कोणत्याही बाईला लागला नसता. जवसाचं तेल.

जवसाचं तेल आम्ही खातो. भाजीत तेच, फोडणीला तेच. पण त्याला हवा लागली, ते तापलं की चिकट होत जातं. जवसाच्या तेलाचा हात लागलेला डबासुद्धा दोन महिन्यांत असा चिकटतो की झाकण निघत नाही. हे घरातल्या बायकांना माहीत, शेतावरच्या माणसाला काय माहीत? त्याला तेल म्हणजे तेल.

आमच्या दोघांच्याही ध्यानात एकदमच आलं सगळं. पावसाळ्यातल्या रस्त्यांनी डावा पाय गळायला लागला असणार. मिस्त्रीकडे न्यायचं नाही, आईची शपथ. दादाला निरोप पाठवला तर दादा रोवणीच्या दिवसांत सुट्टी काढून येणार आणि गाडी कशी वापरली म्हणून वरून बोलणार. म्हणून भाऊजींनी स्वतःच पकडीने नट काढला आणि घरातलं तेल आत ओतलं. आणि दिवाळीत ह्यांना गाडी दाबून पाहू दिली नाही. एक पाय दबायचा, उठायचा. दुसरा दबायचा आणि तिथेच राहायचा.

"तुमची चूक नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "ऐकलं का जी? तुमचं सील सुलटं होतं, तुमचं तेल सारखं होतं. तुमची काहीच चूक नाही. चला, आत्ताच्या आत्ता मायले सांगते मी."

मी उठलेसुद्धा. ह्यांनी माझा हात धरला. इतका घट्ट, की बांगडी रुतली.

"तेल कोणं देलं असंल त्याले?" ह्यांनी विचारलं.

आणि मी जिथल्या तिथे उभी राहिले. आमच्या घरात जवसाचं तेल घाण्यावरून वर्षाचं एकदम यायचं आणि मडक्यात भरून आतल्या खोलीत राहायचं. त्या मडक्याला सासूबाईंशिवाय कोणी हात लावायचा नाही. मी सून, पण भाजीपुरतं तेलही त्यांनी वाटीत काढून दिलं तरच. घरातल्या पोराने "माय, गाडीत टाकाले तेल दे" म्हटलं असेल, आणि गाडीतलं काही न कळणारी माय उठली असेल, मडक्यात हात घालून वाटी भरून दिली असेल. लाडक्याला भरूनच दिली असेल.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा खोकला ऐकू आला. दाराकडे येत होत्या. ह्यांनी रॉकेलचा डबा उचलला आणि सगळाच्या सगळा त्या पायात, घमेल्यात, स्प्रिंगेवर उपडा केला. अंगणभर रॉकेलचा भपका उठला. दुसरा कोणताही वास उरला नाही.

सासूबाई दारात आल्या. नाकाला पदर लावला. जमिनीवर पसरलेल्या तुकड्यांकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. वर्षभरानंतर पहिल्यांदा सरळ ह्यांच्याकडे बघून बोलल्या, "सापडलं का काही?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. ह्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"हो माय," हे म्हणाले. "सील उलटं बसलं होतं. माझ्याच हातानं."

सासूबाईंनी नाकावरचा पदर काढला. मग आत गेल्या.

मी ह्यांना कोठ्यात ओढत नेलं आणि जी सुटले ती सुटलेच. "काहून खोटं बोलले? वर्षभर मरून राहिले न तुम्ही? तुमच्या हातचं पाणी नाही पेल्या त्या! देवानं समोर आणून ठेवलं खरं काय ते, अन् तुम्ही त्याच्यावर रॉकेल ओतता?" बैल दचकून बाजूला सरकले. मी रडत होते, ओरडत होते, आणि ओरडणंसुद्धा हळू आवाजात करावं लागत होतं.

हे मला ओरडू देत राहिले. मग म्हणाले, "पूरं खोटं नाही. मिस्त्रीकडं नेऊ नको, हे कोणं म्हटलं होतं? मीच. नेली असती त्यानं, तं आज राहिला असता."

"पण तेल..."

"तेल तिनं देलं. हे समजलं न तिले, तं ते जगंन का?" आणि मग गव्हाणीला टेकून बसले. "मले समजलं न माझे हात चांगले होते ते. पुरे झालं. आता मी झोपीन."

आणि झोपले. त्या दिवशी भर दुपारी, तणसावर, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे झोपले. मी बाजूला बसून माश्या वारत राहिले.

सासूबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. शेवटची वर्षं आमच्याकडे, क्वार्टरमध्येच काढली. आता त्या नाहीत आणि हेही नाहीत, म्हणून लिहून ठेवते आहे. नाही तर मी तोंडाने फटकळ बाई, माझ्या पोटात पाणी राहत नाही असं सगळं गाव म्हणतं. ही एक गोष्ट राहिली. पण फुकट नाही राहिली. फार जड गेली. आणि सगळ्यांत जड गेली ती त्याच संध्याकाळी.

दिवस मावळायच्या आत जेवणं आटपायची म्हणून मी भात उतरवला. ह्यांचं ताट मी वाढायला घेतलं तर सासूबाईंनी माझ्या हातून ते काढून घेतलं. स्वतः पाट मांडला. स्वतः पेला भरून ठेवला. हे येऊन बसले. त्यांनी भात वाढला, वरण वाढलं, बाजूला मिरचीचा ठेचा ठेवला. मग आतल्या खोलीत गेल्या आणि मडक्यातून वाटीभर जवसाचं तेल घेऊन आल्या. कच्चं तेल ठेच्यावर घेतलेलं ह्यांना फार आवडायचं, लहानपणापासून. वर्षभर त्या घरात ते कोणी ह्यांना वाढलं नव्हतं.

तेल ओतता ओतता त्यांनी दुसरा हात ह्यांच्या डोक्यावर ठेवला.

"चूक होते बाबू माणसाच्या हातून," त्या म्हणाल्या. "मनात नको ठेवू. मीनं माफ केलं तुले."

हे मान खाली घालून बसले होते. भाताचा घास त्या तेलात बुडवला आणि खाल्ला. मी भाताचं भांडं उचलून आत निघून गेले, कारण तिथे राहिले असते तर बोलून गेले असते. आतून मला सासूबाईंचा आवाज ऐकू आला, "अजून घालू का तेल?"

आणि हे म्हणाले, "घाल, माय."